लिली आणि पाइन: तुलनेच्या प्रात्यक्षिकात काय ठेवावं, काय काढावं?

हिरवीपाटी

बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षासाठी तुलनेचं एक प्रात्यक्षिक बसवायचं आहे. एका बाजूला फुलणारी कंदवर्गीय वनस्पती, दुसऱ्या बाजूला सूचिपर्णी वृक्ष. लिली आणि पाइन ही जोडी जवळपास ठरली आहे. दोन-दोन तासांच्या तीन तासिका मिळतील. साधे संयुक्त सूक्ष्मदर्शक, सॅफ्रॅनिन, आयोडीन, अ‍ॅसिटोकार्मिन आणि एक इन्क्युबेटर एवढं साहित्य आहे.

तक्त्याचा कच्चा मसुदा असा:

साठवण – लिलीत मुळात (कंद), पाइनमध्ये खोडात
प्रजननाचा अवयव – लिलीत फूल, पाइनमध्ये शंकू
पान – लिलीत रुंद, समांतर शिरांचं, पाइनमध्ये सुईसारखं
जलवाहिनी – लिलीत वाहिका (टोकाला टोक जोडून सलग नळी झालेल्या पेशी), पाइनमध्ये फक्त वाहिनिका (टोकं बंद असलेल्या लांबट पेशी)
भ्रूणपोष (बियातलं भ्रूणाचं अन्न) – लिलीत त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच), पाइनमध्ये एकगुणित (एकच संच)
आयुष्य – लिली हंगामी, पाइन बहुवर्षायू

विचारायचं आहे ते असं. तक्ता बरोबर आहे का? लिली मिळाली नाही तर अमरेलिस, निशिगंध किंवा कांदा चालेल का, आणि पाइनऐवजी सुरू? पाइनच्या सुईचे आडवे काप कडेला फाटतात आणि पातं चिकट होतं, त्यावर उपाय काय? आणि दोन्हींच्या परागनलिका एकाच तासिकेत दाखवता येतील का?

खोडकिडा

पानाची ओळ सोडली तर तुमच्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणी काहीतरी अडतं. भ्रूणपोषाबद्दल आणि परागकणांबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, ते लिहितीलच. मी बाकीचं घेतो.

कंद म्हणजे मूळ नव्हे, आखूड झालेला अख्खा प्ररोह (खोड आणि पानं) आहे. लिलीचा कंद वरून खाली मधोमध कापा. तळाशी एक कठीण चकती दिसेल, ते खोड. तिच्यावर एकावर एक बसलेली मांसल शल्कं ही पानं. मध्यभागी अग्रकलिका. चकतीच्या खालच्या कडेने निघालेल्या तंतूंना मात्र मुळं म्हणायचं, आणि तीही आगंतुक, म्हणजे खोडातून फुटलेली. यातली काही मुळं आकुंचन पावणारी असतात. त्यांच्या सालीवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसतात आणि ती कंदाला हळूहळू जमिनीत खाली ओढतात. उथळ लावलेला कंद पुढच्या वर्षी खोल सापडतो तो यामुळे. कंद धुताना ही मुळं खुडू नका, दाखवण्यासारखी तीच असतात.

‘हंगामी’ हा शब्द तर काढूनच टाका. लिलीही बहुवर्षायूच आहे. दर वर्षी तिचा जमिनीवरचा भाग वाळतो, कंद राहतो. खरा फरक आहे तो वाईट ऋतू निभावणाऱ्या कळ्या कुठे असतात यात. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉन्किअर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींचं वर्गीकरण याच निकषावर केलं. कळ्या जमिनीखाली असतील तर भूगर्भी, जमिनीपासून 25 सेंटिमीटरहून उंच असतील तर व्यक्तोद्भिद. लिली पहिल्या गटात, पाइन दुसऱ्या. तक्त्याची पहिली ओळ हीच असावी असं माझं मत आहे, कारण बाकीचे बरेच फरक तिच्यातून निघतात. लिलीची पानं आगीत गेली, थंडीने जळली किंवा गुरांनी खाल्ली तरी कंदातली कळी शाबूत असते. ते वर्ष वाया जातं, झाड जात नाही. पाइनला सगळ्या कळ्या हवेतच सांभाळाव्या लागतात, म्हणून तिथे राळ, जाड साल, कळीभोवती शल्कं असा सरंजाम दिसतो. सुया पूर्ण गळून गेलेल्या जुन्या लाकडापर्यंत फांदी छाटली तर बहुतेक पाइन तिथून पुन्हा फुटत नाहीत. कॅनरी बेटांवरचा पाइन, पिच पाइन असे काही अपवाद आहेत.

दुसरी मोठी गोष्ट तुमच्या तक्त्यात नाहीच: कॅम्बियम, म्हणजे खोड जाड करणारा विभाजी पेशींचा थर. लिलीच्या खोडात तो नसतो. वाहक पूल (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या पेशींचे गट) सगळ्या खोडभर विखुरलेले असतात आणि खोड एकदा वाढलं की जाड होत नाही. पाइनमध्ये कॅम्बियमचं अखंड वलय असतं आणि दर हंगामाला लाकडाचं एक वलय चढतं. हा फरक नुसत्या भिंगानेही दिसतो, त्यामुळे पहिल्या तासिकेसाठी उत्तम.

फूल आणि शंकू एका ओळीत ठेवले तर विद्यार्थी मादी शंकू म्हणजे ‘पाइनचं फूल’ असं लिहून मोकळे होतात. नर शंकू हा एक अक्ष आणि त्यावर थेट बसलेली लघुबीजाणुपर्णं (पराग धरणारी पर्णं) असा साधा असतो. प्रत्येक पर्णाच्या खालच्या अंगाला दोन परागपिशव्या. त्याची तुलना एका फुलाशी जेमतेम करता येईल. मादी शंकूत मात्र आधी छद (शल्काखालचं पानासारखं अंग) असतो आणि त्याच्या बगलेत बीजांडधारी शल्क. बगलेतून जे निघतं ते शाखेच्या जागी असतं, म्हणून मादी शंकू हा फुलाऐवजी फुलोऱ्याच्या तोडीचा धरावा लागतो. कोवळ्या शंकूचा उभा छेद घेतला तर छद आणि शल्क सुटे दिसतात. पिकलेल्या शंकूत छद पार खुरटलेला असतो, त्यामुळे तो नमुना इथे निरुपयोगी.

आता पर्यायांबद्दल. सुरू अजिबात नको. तो सूचिपर्णीच काय, अनावृतबीजीही (बी फळात न झाकलेला) नाही. ज्या सुया वाटतात त्या हिरव्या, पेरेदार डहाळ्या असतात आणि प्रत्येक पेरावर दातांसारखी बारीक पानं वलयात असतात. ‘शंकू’ म्हणून जे वेचलं जातं ते फळांचं झुपकं आहे. उलट ‘हा सूचिपर्णी का नाही?’ असा वेगळा प्रश्न म्हणून सुरूची डहाळी टेबलावर ठेवलीत तर मजा येईल. मोरपंखी आणि अरॉकेरिया हे खरे सूचिपर्णी आहेत, पण मोरपंखीची पानं खवल्यांसारखी असल्याने सुईचा काप तिच्यातून दाखवता येत नाही. सायकस अनावृतबीजी असला तरी सूचिपर्णी नव्हे.

लिलीच्या नावाखालीही बरंच काही विकलं जातं. पीस लिली, वॉटर लिली, डे लिली यांपैकी एकालाही असा कंद नसतो. अमरेलिस म्हणून मिळतं ते बहुधा हिपिअ‍ॅस्ट्रम. त्याचा कंद झकास, मोठा, कागदी आवरणाचा. पण अंडाशय अधःस्थ, म्हणजे पाकळ्यांच्या खाली. निशिगंधाचंही तसंच. खऱ्या लिलीत अंडाशय ऊर्ध्वस्थ असतो. कंदाची रचना दाखवायची तर कुठलाही चालेल. फूल आणि बीजांड दाखवायचं असेल तर लिलियम प्रजातीच आणा.

कांदा कापून दाखवायला सोयीचा, फक्त आयोडीनची चाचणी त्याच्यावर करू नका. लिलीच्या शल्कात भरपूर पिष्ट असतं आणि ते गडद निळं-काळं होतं. कांदा साठवण करतो ती शर्करा आणि फ्रुक्टनच्या रूपात, त्यामुळे आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहतो आणि वर्ग गोंधळतो.

सुईदोरा

सुईच्या कापांबद्दल. बाहेरचं कवच कडक, आतली पर्णमध्योती (पानाचा हिरवा गर) मऊ, म्हणून जरा बोथट पातं आलं की कवच दबतं आणि आतलं फाटतं. चिकटपणा राळेचा. दोन्हींवर एकच तयारी पुरते: सुया एक दिवस आधी 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. राळ बरीचशी विरघळते आणि मऊ भाग थोडा घट्ट होतो. फार कोवळ्या सुया घेऊ नका, त्यांचं अधस्त्वचेचं (त्वचेखालच्या कडक थराचं) आवरण पुरतं तयार झालेलं नसतं. पूर्ण वाढलेल्या सुईचा मधला तिसरा भाग घ्या.

सुई एकटी धरू नका. अख्खा जुडगा गाजराच्या तुकड्यातल्या चिरेत बसवा, सुया एकमेकींना आधार देतात. पातं कोरं हवं आणि दर दोन-तीन कापांनंतर 50 टक्के अल्कोहोलने ओलं करत राहा. पातं दाबायचं नाही, स्वतःकडे तिरकं ओढायचं. पहिले दहाबारा काप टाकून द्यायचे, हात तेव्हाच बसतो. नंतरचे काप पाण्यात सोडून जे जवळजवळ पारदर्शक दिसतील ते ब्रशने उचला. 1 टक्का सॅफ्रॅनिनमध्ये 3 मिनिटं, रंग सुटेनासा होईपर्यंत पाण्यात धुणं, मग 50 टक्के ग्लिसरिनमध्ये चढवणं. राळनलिका गोल न दिसता लांबट दिसल्या तर काप तिरका गेला आहे. असला काप मोजमापाला किंवा आकृतीला वापरू नये.

जुडग्यात सुया किती आहेत ते आधी मोजून घ्या, कापाचा आकार त्यावर ठरतो. दोन सुयांच्या जुडग्यात प्रत्येक काप अर्धवर्तुळ. चीड म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय, त्यात तीन सुया, म्हणून काप 120 अंशांच्या पाचरीसारखा. पाच सुयांच्या भूतानी पाइनमध्ये पाचर आणखी निमुळती. दोन-तीन सुयांच्या बहुतेक पाइनमध्ये मध्यभागी दोन वाहक पूल असतात, पाच सुयांच्या गटात एकच. पुस्तकातली आकृती दोन पुलांची आणि आणलेला नमुना पाच सुयांचा असला तर विद्यार्थी नसलेला दुसरा पूल काढून ठेवतात.

कापात बाहेरून आत काय पाहायचं: जाड उपत्वचा, खोल बसलेली पर्णरंध्रं, लाल रंगणारी अधस्त्वचा, भिंती आत घड्या घातल्यासारख्या असणारी पर्णमध्योती, राळनलिका, अंतस्त्वचेचं वलय, त्याच्या आत पूल. पुलात जलवाहिनी सपाट बाजूकडे, रसवाहिनी फुगीर बाजूकडे. घड्यांच्या भिंती 40 च्या पदार्थभिंगाखालीच नीट कळतात.

लिलीच्या पानाला एवढा खटाटोप नाही. पान दुमडून तिरकं फाडलं की खालच्या बाजूची पापुद्र्यासारखी त्वचा निघते. लांबट पेशी आणि त्यांच्या दिशेला समांतर पर्णरंध्रं थेट पाण्यात पाहता येतात. पाइनची त्वचा अशी सोलून निघत नाही. पारदर्शक नेलपॉलिशचा ठसा घेतला तर रंध्रांच्या रांगा आणि खळगे दिसतात, रक्षकपेशी मात्र खाली दडलेल्या असल्याने उमटत नाहीत.

आता वाहिकांची ओळ. ‘लिलीत वाहिका’ असं सरसकट लिहिलंत आणि खोडाचा नमुना दिलात तर फसाल. एकदलींमध्ये वाहिका सगळ्यात पक्क्या आढळतात त्या मुळांत. लिलीच्या जवळच्या कित्येक वनस्पतींत खोडा-पानात वाहिनिकांवरच काम चालतं. म्हणून नमुना मुळाचा घ्या आणि तक्त्यात ‘लिली: मुळात वाहिका’ असं लिहा.

पेशी सुट्या करण्यासाठी फ्रँकलिनची पद्धत. ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल आणि 20 व्हॉल्यूमचं, म्हणजे साधारण 6 टक्क्यांचं, हायड्रोजन पेरॉक्साइड समभाग. पाइनच्या लाकडाच्या काडेपेटीतल्या काडीच्या निम्म्या जाडीच्या ढलप्या, 60 अंश सेल्सिअस, 48 तास. ढलपी पांढरीफटक आणि लिबलिबीत झाली की झालं. मुळाचे तुकडे लवकर सुटतात, ते 12 तासांनी तपासायला घ्या. पाण्याने चार-पाच वेळा धुवा, आम्लाचा वास पूर्ण जायला हवा, नाहीतर सॅफ्रॅनिन धरत नाही. मग झाकणाच्या नळीत पाणी घालून जोरात हलवा, गढूळ झालेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर. पाइनच्या वाहिनिका 3-4 मिलिमीटर लांब असल्याने एका दृश्यक्षेत्रात मावत नाहीत, टोकापासून टोकापर्यंत पट्टी सरकवत पाहा. त्रिज्येच्या बाजूच्या भिंतीवर किनारी खाचांची रांग दिसेल.

हे काम शिक्षकांनीच करायचं, हातमोजे आणि गॉगल घालून, फ्यूम हूडमध्ये. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, वायू साचून ती फुटू शकते. इन्क्युबेटरमध्येही ठेवू नका, वाफेने आतला धातू खराब होतो. पाण्याचा बाथ वापरा.

हिरवीपाटी

खूपच उपयोगी. सुरू आणि कांदा दोन्ही रद्द. खोडकिडा, भ्रूणपोषाच्या ओळीत अडचण कुठे आहे? त्रिगुणित आणि एकगुणित हे तर सगळीकडे असंच दिलेलं असतं.

परागी

पाइनचं एकगुणित बरोबर आहे. अडचण लिलीची आहे, आणि ती गमतीची आहे, कारण भ्रूणकोशाच्या (बीजांडातल्या, अंडपेशी असलेल्या पिशवीच्या) तयार काचपट्ट्या बहुतेक लिलीच्याच असतात.

सर्वसाधारण आवृतबीजी (बी फळात झाकलेल्या) वनस्पतीत बीजांडातल्या चार महाबीजाणूंपैकी (अर्धसूत्री विभाजनातून झालेल्या पेशींपैकी) तीन मरतात आणि एकापासून भ्रूणकोश होतो. लिलीत चारही केंद्रकं टिकतात. त्यांतली तीन बुडख्याच्या टोकाला जाऊन एकत्र येतात, एक बीजरंध्राच्या टोकाला राहतं. पुढच्या विभाजनांनंतर आठ केंद्रकं होतात: चार एकगुणित, चार त्रिगुणित. मध्यभागी येणाऱ्या दोन ध्रुवीय केंद्रकांपैकी एक एकगुणित, दुसरं त्रिगुणित. त्यांना एक पुंयुग्मक (नर पेशी) मिळालं की भ्रूणपोष होतो पंचगुणित. शेवटी सात पेशी आणि आठ केंद्रकं हेच चित्र दिसत असल्याने वरवर पाहता फरक कळत नाही. चार केंद्रकांची अवस्था दोनदा येते. पहिल्या वेळी चारही सारखी, दुसऱ्या वेळी दोन लहान आणि दोन ठळकपणे मोठी. काचपट्टीवर ‘चार केंद्रकं’ एवढंच लिहिलेलं असेल तर आकार पाहून ठरवा.

यात तुमच्या जोडीला एक योगायोग फार कामाचा आहे. लिलियम आणि पायनस दोन्हींची द्विगुणित गुणसूत्रसंख्या 24. त्यामुळे आकडे थेट शेजारी मांडता येतात: दोन्हींचा भ्रूण 24, पाइनचा भ्रूणपोष 12, लिलीचा 60. संख्या सारखी असली तरी संच वेगळे दिसतात. पाइनची बारा गुणसूत्रं जवळपास एका मापाची आणि मध्याशी जोड असलेली. लिलीत दोन मोठी आणि दोन्ही भुजांची, उरलेल्या दहांत एक भुजा अगदी आखूड. दोन्हींचे जिनोम प्रचंड आहेत. लॉब्लॉली पाइनचा 2014 मध्ये वाचला गेला, तो सुमारे 22 अब्ज बेस-जोड्यांचा. लिलीचा अंदाज 30 अब्जांच्या वर जातो. माणसाचा सुमारे 3 अब्ज. गुणसूत्रं मोठी असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकावरही अर्धसूत्री विभाजन पाहता येतं. त्यासाठी लिलीच्या वेगवेगळ्या लांबीच्या कळ्या, समजा 15 ते 30 मिलिमीटर, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्लात एक दिवस ठेवा आणि प्रत्येकीतला एकेक परागकोश अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये दाबून पाहा. कोणत्या लांबीला कोणती अवस्था, हे वाणागणिक बदलतं. म्हणून एकाच मापाच्या कळ्या आणल्या तर सगळ्या हुकण्याची शक्यता असते.

भ्रूणपोषाच्या ओळीत गुणितता लिहिलीत तरी वेळ लिहायला विसरू नका. पाइनचा तथाकथित भ्रूणपोष म्हणजे मादी युग्मकोद्भिद (अंडपेशी तयार करणारी एकगुणित ऊती). तो फलनाच्या आधीच तयार असतो, फलन झालं नाही तरी त्यावरचा खर्च झालेलाच असतो. लिलीत साठवण सुरू होते ती दुहेरी फलनानंतर (एक नर पेशी अंडपेशीला, दुसरी ध्रुवीय केंद्रकांना मिळाल्यावर). दुहेरी फलन नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवलं तेही लिलियम आणि फ्रिटिलारिया या कंदवर्गीयांतच.

परागनलिकांचं उत्तर: एकाच तासिकेत दाखवता येतील, पण एकाच वेळी सुरू करून नाही. ब्रूबेकर आणि क्वॅक यांच्या 1963 च्या माध्यमाचं प्रमाण 100 मिलिलिटरसाठी असं: साखर 10 ग्रॅम, बोरिक आम्ल 10 मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट 30 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 20 मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट 10 मिलिग्रॅम. लिलीचे ताजे पराग 25 अंशांच्या आसपास एक ते तीन तासांत नलिका काढतात. पाइनला त्याच तापमानाला दोन ते तीन दिवस लागतात आणि तरी नलिका आखूडच राहते. म्हणून पाइन तासिकेच्या दोन दिवस आधी लावा. त्याला साखर कमी असली तरी चालते, उलट एवढ्या वेळात बुरशी चढू नये म्हणून माध्यम उकळून थंड केलेलं आणि भांडी निर्जंतुक हवीत. लिलीसाठी खळग्याची काचपट्टी आणि लोंबता थेंब पुरतो, पाइनसाठी 1 टक्का आगरची बशी बरी.

बिघडतं ते असं. नलिका फुटून आतलं बाहेर सांडलं तर साखर कमी पडली आहे. अंकुरण विरळ असेल तर बहुधा परागकण फार कमी टाकले आहेत. दाटीत ते चांगले रुजतात, आणि दाटीची उणीव कॅल्शियमने भरून निघते हेच त्या दोघांनी दाखवलं होतं. म्हणून कॅल्शियम नायट्रेट वगळून ‘साखर-बोरिक’ एवढ्यावर भागवू नका. पराग कोरडे पडले असतील तर अर्धा तास ओल्या टिपकागदाच्या डबीत ठेवून मग थेंबात घाला.

अंकुरणाआधीचे पराग पाहायला विसरू नका. पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या. त्या वाऱ्यासाठी असतात एवढंच सांगितलं जातं, पण पाइनचं बीजांड बहुतेकदा उलटं टांगलेलं असतं आणि त्याच्या तोंडाशी येणाऱ्या परागणाच्या थेंबातून कण तरंगत वर, आत शिरतो. तिथेही पिशव्याच कामी येतात. लिलीचा कण मोठा, 100 मायक्रॉनच्या आसपास, एका खाचेचा, जाळीदार आणि तेलकट. कपड्यावर सांडला तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने टिपून घ्या.

आणि शंकू एकाच वयाचे आणू नका. पाइनमध्ये परागण ते फलन यात साधारण एक वर्ष जातं, बी पिकायला पुढे आणखी काही महिने. त्यामुळे एकाच फांदीवर नवे, वर्षाचे आणि पिकलेले असे तीन वयांचे शंकू सापडतात. लिलीत नलिका काही दिवसांत बीजांडापर्यंत पोचते.

जुनीवही

हे सगळं मान्य, पण परीक्षेत ‘आवृतबीजींचा भ्रूणपोष त्रिगुणित’ असंच उत्तर अपेक्षित असतं. पंचगुणित लिहून मुलांचे गुण गेले तर? बारावीच्या पातळीवर त्रिगुणितच राहू द्यावं.

परागी

प्रश्न ‘आवृतबीजींचा’ असेल तर त्रिगुणित हेच उत्तर, त्यात काही बदलत नाही. तक्त्याच्या डोक्यावर मात्र ‘लिली’ लिहिलेलं आहे, आणि लिलीसाठी ते चूक आहे. दोन वाटा आहेत. स्तंभाला ‘आवृतबीजी’ नाव द्या आणि लिलीला केवळ उदाहरण म्हणा. नाहीतर कंसात ‘सर्वसाधारणपणे त्रिगुणित, लिलीत पंचगुणित’ असं लिहा. बारावीला पहिली वाट, पदवीला दुसरी. समोर लिलीची काचपट्टी ठेवून तिच्याबद्दल न घडणारी गोष्ट लिहायला लावणं मला तरी पटत नाही.

तुलना अजून एका बाबतीत वाढवता येईल, पदवीच्या मुलांना आवडेल: हरितलवकं लिलीत आईकडून येतात, पाइनमध्ये बापाकडून, परागकणातून. पाइनची तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे कण) मात्र आईकडूनच.

कुंडीवाला

वरचं सगळं कापून पाहण्याबद्दल झालं. तीन तासिका सलग नसतील तर जिवंत नमुनेही ठेवा. एकाच जागी एकाच पद्धतीने दोन्ही वाढवायला गेलं की दोन्ही मरतात, तेव्हा वेगवेगळं सांगतो.

लिलीच्या कंदाला कागदी आवरण नसतं. उघड्यावर ठेवला की शल्कं सुकतात, म्हणून आणल्यापासून लावेपर्यंत ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत. थंडावा न मिळालेला कंद असेल तर 4 ते 7 अंशांवर सहा आठवडे ठेवावा लागतो, नाहीतर पानं येतात आणि फूल येत नाही किंवा फार उशिरा येतं. शीतकपाटात शेजारी सफरचंद किंवा दुसरी पिकणारी फळं नकोत. त्यांच्या इथिलीनने आतली कळी मरते आणि हे कळतं ते दोन-तीन महिन्यांनी. लावताना कंदावर त्याच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट माती हवी, कारण बऱ्याच लिलींना कंदाच्या वर, खोडालाही मुळं फुटतात. उथळ लावला तर ही मुळं उघडी पडतात आणि खोड कलंडतं. पाणी साचलं की चकतीपासून सड सुरू होते. वरून पानं पिवळी दिसेपर्यंत खाली काही उरलेलं नसतं. फूल झाल्यावर देठाचा फुलाचाच भाग काढा, हिरवी पानं नको. पुढच्या वर्षीचा कंद तीच भरतात.

‘शल्क म्हणजे पान’ हे पटवायला सोपा प्रयोग आहे. बाहेरची निरोगी शल्कं चकतीचा थोडा भाग ठेवून मोडून घ्या, ओलसर व्हर्मिक्युलाइट भरलेल्या पिशवीत 20 ते 25 अंशांवर अंधारात ठेवा. आठ ते बारा आठवड्यांत प्रत्येक शल्काच्या बुडाशी एक-दोन कंदिका दिसतात. व्हर्मिक्युलाइट मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. गळत असेल तर शल्कं कुजतील. पाइनची सुई अशी लावून पाहा, काही होत नाही. हाच तुलनेचा मुद्दा.

पाइनचं बी एक दिवस पाण्यात भिजवा, तरंगणारी बहुतेक पोकळ असतात. चिडाला थंडाव्याची गरज नसते. पूर्वेकडच्या अमेरिकी पांढऱ्या पाइनसारख्या जातींना ओलसर थंडावा साधारण दोन महिने लागतो. 1 सेंटिमीटर खोल पेरा, निचरा चांगला, सामू 5.5 च्या आसपास. रोप वर येतं तेव्हा बीजपत्रांच्या टोकांवर बियाची टोपी अडकलेली असते. ती ओढून काढायचा मोह होतो, ओढली की टोकं तुटतात. बीजपत्रं मोजून घ्या, बऱ्याचदा 6 ते 10 भरतात. लिलीचं एकच. त्यानंतर येणाऱ्या सुया सुट्या, एकेकट्या असतात, जुडगे बरेच नंतर. ‘जुडगा नाही म्हणजे हा पाइन नव्हे’ असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

पहिल्या महिन्यात रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात, ती मर. जास्त पाणी आणि दाट पेरणी ही कारणं. वर-वर पाणी शिंपडण्यापेक्षा कुंडी खालून भिजवा आणि मधल्या वेळात पृष्ठभाग कोरडा होऊ द्या. त्यातून वाचलेली रोपं काही महिन्यांनी जांभळट-पिवळी होऊन खुंटली तर खत वाढवण्याआधी मुळं पाहा. पाइनच्या बारीक मुळांवर बुरशीचं आवरण आणि दुहेरी फुटलेली आखूड टोकं दिसायला हवीत. निर्जंतुक मिश्रणात ही बुरशी नसते, आणि तिच्याशिवाय पाइनला फॉस्फरस नीट घेता येत नाही. निरोगी पाइनखालची माती मिश्रणात 5 ते 10 टक्के मिसळा. लिलीच्या मुळातही बुरशी असते, पण वेगळ्या गटाची. ती पेशींच्या आत झाडासारख्या फांद्या करते आणि बाहेरून दिसत नाही, रंजक देऊनच पाहावी लागते.

हिरवीपाटी

तक्ता बदलला. पहिली ओळ ‘वाईट ऋतूतल्या कळ्यांची जागा’, मग साठवणीचा अवयव, कॅम्बियम, मुळातल्या वाहिका, शंकूंच्या दोन ओळी वेगळ्या, भ्रूणपोषात गुणितता आणि वेळ. पाइनच्या साठवणीसमोर ‘खोड’ ठेवू की काढू?

खोडकिडा

ठेवा, पण नुसतं खोड नको. पिष्ट असतं लाकडातल्या किरणांच्या जिवंत पेशींत, सालीत आणि जुन्या सुयांत. वाहिनिका मेलेल्या असतात, त्यांत साठवण होत नाही. ताज्या फांदीचा आडवा काप आयोडीनमध्ये टाकला तर गडद रेषा फक्त किरणांच्या उमटतात. कळ्या फुटण्याच्या थोडं आधी फांदी घ्या, तेव्हा पिष्ट भरपूर असतं. ऐन थंडीत बरंचसं पिष्ट शर्करेत बदललेलं असतं आणि काप फिका निघतो.

आणि लिली वर्गाबाहेर कुठे ठेवणार असाल तर आवारात मांजरं नाहीत ना ते पाहून घ्या. खऱ्या लिलीचा प्रत्येक भाग, परागसुद्धा, मांजराचं मूत्रपिंड निकामी करतो. फुलदाणीतलं पाणीही ओतून टाका.